पोरीला अंघोळ कोण घालतं?

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

आज रामहरीनंही विचारलं. रामहरीनं! उमापूरच्या बसथांब्यावर त्याचं चहाचं हॉटेल, आणि माझा निम्मा दिवस त्याच्याच बाकड्यावर जातो. बशीत चहा ओतता ओतता हळूच म्हणतो, "हैदरभाई, राग मानू नका, पण तुमच्या नातीला अंघोळ कोण घालतं?"

चहा तसाच ठेवून उठून आलो.

शाईस्ताला जाऊन वर्ष होत आलं. माझी पोर. कावीळ झाली आणि बघता बघता गेली. मागं नवरा जावेद आणि सात वर्षांची आफ्रीन, तिकडं तेलगावात. तेव्हापासून जो भेटतो तो हेच विचारतो. पोरगी जेवते का, झोपेत दचकते का, आईची आठवण काढते का — हे नाही विचारत कुणी. अंघोळ! जसं काय बापाच्या घरात नळाला पाणीच येत नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

रामहरीकडं गेलो नाही. चहा घरीच प्यालो. बायको, हजराबी, म्हणाली, "कावून, हॉटेल बंद हाय का?" काही बोललो नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार

बोललो, आणि फसलो. हिला रामहरीचं सांगितलं. वाटलं होतं, हिला तरी चीड येईल. तर ही परात बाजूला सारून म्हणते, "बरोबरच विचारलं त्यानं. मी बी तेच विचारते. पोरगी बापाच्या हातावर वाढती का कुठं?"

"वाढती की. भाकरीनं वाढती. थापणारा हात बाईचा हाय का बाप्याचा, ते भाकरीला कुठं कळतंय?"

"तुमाला येती का थापायला?"

"न्हाई."

"मग गप बसा."

परात परत तिच्याकडं सरकवली.

हिचा जावेदवर राग नाही, हे मला माहीत आहे. हिला आफ्रीन हवी आहे. जीव तुटतो हिचा. शाईस्ता गेल्यापासून हिनं हातात काचेची बांगडी घातली नाही. आम्ही मणियार, माझा बाप बायांना बांगड्या भरायचा, मी भरल्या, जावेद भरतो. मणियाराची बायको, मणियाराची सासू, आणि मनगटं मोकळी! पोर गेली म्हणून आईनं बांगड्या उतरवाव्यात, असा काही दंडक नाही आमच्यात. मागं एकदा मी तिचा हात धरला, बांगडी पुढं केली, तर हात काढून घेतला. त्यानंतर मी विचारलं नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार. तेलगाव

दिवाळीच्या तोंडावर जावेदच्या मदतीला आलो. गेवराई, माजलगाव करत, गाड्या बदलत. पाठ धरली.

सकाळी जाग आली ती पाढ्यांनी. आफ्रीन न्हाणीत, आतून कडी. जावेद बाहेर पायरीवर, न्हाणीकडं पाठ करून, मांडीवर टॉवेल.

"सात सक?"

आतून आवाज, "बेचाळीस!"

"सात साती?"

तांब्याचा आवाज. "एकोणपन्नास!"

मी म्हणालो, हे काय चाललंय? तर म्हणतो, "बोलत राहिली की कळतं अब्बा, पडली-बिडली न्हाई. आन् पाढे बी होतेत." मग मान न वळवता, "कानामागं घासलं का गं?"

"घासलं!"

"खोटं."

मग पुन्हा पाण्याचा आवाज.

हे आहे उत्तर. उमापूरच्या चौकात भोंगा लावून सांगावं असं वाटलं. अंघोळ तिची ती करते. बाप बाहेर बसून पाढे विचारतो!

जावेदची भाकरी हजराबीपेक्षा पातळ. हे हजराबीला सांगायचं नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

दिवसभर दुकानात बसलो. बाया येत नाहीत असं नाही. येतात, पाकिटातल्या तयार बांगड्या घेतात, धातूच्या नाहीतर प्लास्टिकच्या, आणि जातात. सतरंजीवर कुणी बसत नाही. शाईस्ता होती तेव्हा दिवाळीच्या आधी या सतरंजीवर पाय ठेवायला जागा नसायची. ती एका कोपऱ्यात, जावेद दुसऱ्या. त्याचा हात तिच्यापेक्षा हलका, म्हणून बाया मुद्दाम त्याच्याकडं सरकायच्या. ती चिडवायची त्याला, "घ्या, सवती आल्या." सगळ्या हसायच्या.

आज हिरवी काच खोक्यातून बाहेर आलीच नाही.

"हात देत न्हाईत अब्बा," जावेद म्हणाला. एवढंच. आणि पुन्हा खोकी पुसायला लागला.

दुपारी एक म्हातारी आली. जावेद पुढं सरकला, तर म्हणते, "तू नगं, बाबा भरतील." बाबा म्हणजे मी. माझा हात थरथरतो, म्हणून तर मी धंदा सोडला. दोन बांगड्या फोडल्या मी तिच्या. तरी तिनं माझ्याच हातात हात ठेवला. जावेद तसाच हात आखडून बसलेला, आणि मी तिच्या मनगटाशी झटतोय. मान वर करून त्याच्याकडं बघवेना.

२० ऑक्टोबर, सोमवार

आफ्रीनच्या शाळेतल्या सुनिता मॅडम आल्या होत्या. चांगली बाई, आफ्रीनच्या गालाला हात लावल्याशिवाय जात नाही. म्हणाल्या, "जावेदभाऊ, सुट्टी संपली की माता-पालकांची सभा आहे. घरातल्या बाईमाणसाला पाठवा हं."

"मॅडम, घरात मीच हाय."

"हो, ते माहितीये मला. पण सगळ्या आयाच असतात ना. त्यांना मोकळेपणानं बोलता येत नाही. एखादी मावशी, काकू?"

मी म्हणालो, मी येतो, आजोबा.

"तुम्ही आलात तर चालेल की!"

म्हातारा चालतो. बाप चालत नाही. मी काय, दात पडले म्हणून आई झालो?

त्या गेल्यावर जावेदनं सांगितलं. मागच्या सभेला तो गेलता. हा आत गेला आणि बोलणी बंद. कुणी पदर पुढं ओढला, कुणी मोबाईल काढला. त्याला एवढंच विचारायचं होतं की पोरीच्या डोक्यात उवा झाल्यात, तर काय लावू. शेवटच्या बाकावर बसला आणि न विचारताच परत आला.

"मग उवांचं काय केलं?"

"बसलो फणी घेऊन. रोज थोड्या थोड्या."

२२ ऑक्टोबर, बुधवार

जावेदचा थोरला भाऊ फराज बीडहून आला. फळांचा गाडा आहे त्याचा, सफरचंदाची पेटी घेऊन आला. पोरीला उचलून घेतलं, फिरवलं, आणि खाली ठेवून लगेच सुरू झाला, "हे बघ बे, एकतर निकाह कर, न्हाईतर पोरगी नानीकडं दे. लोक मला विचारतेत."

"काय विचारतेत?"

"तेच."

"तेच म्हंजी काय? बोल की."

फराजला बोलता येईना. जी गोष्ट हा सख्ख्या भावासमोर तोंडातून काढू शकत नाही, तीच चारचौघांत ऐकून घेतो आणि घरी घेऊन येतो!

जावेद शांतपणे म्हणाला, "लग्न करीन तवा मला वाटलं म्हणून करीन. पोरीला न्हाऊ घालायला बायको आणायची का? ती बी कुणाची तरी पोरच असंल."

शाब्बास, असं मनात आलं. तोंडावर नाही म्हणालो. म्हणायला पाहिजे होतं.

फराज माझ्याकडं वळला. "चाचा, कपिलधारची यात्रा होऊ द्या. मग ठरवू. तुमची नात हाय, तुमी म्हणाल तसं हुईल."

म्हणजे माझ्यावर टाकून गेला. सफरचंदं गोड होती.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

हजराबीचा फोन. फराजनं तिलाही लावलाय. "आता तुमी मधी पडू नका," म्हणाली. मी मधी नाही तर कुठं आहे?

२९ ऑक्टोबर, बुधवार

भगवानरावांकडं जाऊन आलो. इथले मोठे शेतकरी, ऊस-कापूस सगळं आहे, माणूस वाईट नाही. तुळशीचं लग्न झालं की त्यांच्या पोरीचं लग्न आहे. त्या घरातल्या नवऱ्या मुलींचा चुडा जावेदच्या बापानं भरला, मग जावेदनं. यंदा अजून बोलावणं नाही, म्हणून मीच विचारायला गेलो. जावेदला सांगितलं नाही.

चहा दिला, चिवडा दिला. मग म्हणाले, "हैदरभाई, माजलगावचा माणूस सांगितलाय औंदा. माझं काय न्हाई हो. पण घरातल्या बाया म्हनत्यात, चुडा भरनाराचं घर भरलेलं पाहिजे. त्याच्या घरात बाई न्हाई. लगीन हाय, शकुनाचं काम."

मी म्हणालो, "भगवानराव, त्याच्या घरात पोरगी हाय, चूल हाय, वेळेवर दिवा लागतो. रिकामं काय हाय?"

"तुमचं खरं हाय. पर लोकांची तोंडं कोन धरनार?"

तुम्ही धरा की! तुमच्या वाड्यात तुमच्या शब्दाशिवाय पान हलत नाही, आणि बांगडीपाशी आलं की माझं काय नाही हो.

चिवडा तसाच बशीत ठेवून आलो. हे बरं आहे माझं. लोकांच्या घरी खाणं-पिणं अर्ध्यात टाकून यायचं, म्हणजे राग दाखवल्यासारखं होतं.

१ नोव्हेंबर, शनिवार

आफ्रीननं विचारलं, "नाना, मी उमापूरला गेले तर पप्पाला पाढे कोण विचारणार?"

म्हणालो, पप्पाला येतात सगळे पाढे.

"तेरा आठे येत न्हाई त्याला."

५ नोव्हेंबर, बुधवार. कपिलधार

रात्री नाही लिहिता आलं. हे दुसऱ्या दिवशी सकाळी, बीडच्या स्टँडवर बसून लिहितोय. तारीख कालचीच घालतो.

यात्रेत धबधब्याकडं जायच्या वाटेवर दरवर्षी जावेदचं दुकान असतं. सकाळपासून रीघ. लांबलांबच्या बाया, लातूरकडच्या, नांदेडकडच्या. त्यांना काय ठाऊक जावेद कोण. बसायच्या, हात पुढं करायच्या. काय भरत होता पोरगा! अंगठा आत मुडपून, हात दाबून दाबून मऊ करायचा आणि बांगडी अशी सरकवायचा की बाईचं बोलणं तुटत नव्हतं. आफ्रीन खोक्यावर बसून रंग काढून देत होती. "काकू, ह्यो मोरपंखी घ्या, तुमाला खुलतो." बाया हसून तिचा गाल ओढायच्या आणि बांगड्या भरून झाल्या की जावेदला वाकून नमस्कार करायच्या, जशी रीत आहे तशी. दुपारी तर तो गुणगुणायला लागला. कितीक महिन्यांनी.

संध्याकाळी लातूरकडची एक बाई बसली होती. डावा हात भरून झाला. उजवा हात जावेदच्या हातात. तेवढ्यात तेलगावच्या दोघी आल्या, ओळखीच्या. एकीनं वाकून तिच्या कानाला लागून सांगितलं, पण असं की मलाही ऐकू यावं, "ह्याच्या घरात बाई न्हाई. एकलाच ऱ्हातो पोरीला घिऊन. लोक काय काय बोलत्यात."

त्या बाईनं हात काढून घेतला. सावकाश, ओढून नाही. "राहू द्या भाऊ," म्हणाली. पैसे दोन्ही हातांचे ठेवले आणि उठली.

आमच्या धंद्यात बाईला एका हातावर उठू देत नाहीत. उठलीच तर मणियारानं मागं जाऊन दुसरा हात भरायचा, मला बापानं हेच शिकवलं. जावेद अर्धा उठला, आणि परत बसला. यात्रेत बाईच्या मागं धावणारा बाप्या, तोही एकटा! कसा जाणार?

आफ्रीन गेली. उरलेल्या बांगड्या मुठीत घेऊन "काकू, दुसरा हात! काकू!" करत गर्दीत घुसली. आम्ही हाक मारेपर्यंत दिसेनाशी झाली.

जावेद धावला. दुकान टाकून मीही निघालो, पण माझे पाय ते किती पळणार. पोहोचलो तेव्हा धबधब्याच्या पायऱ्यांशी माणसांचं कडं झालेलं. मध्ये जावेद, खांद्यावर पोरगी, ती मोठ्यानं रडतेय. चार-पाच जणांनी त्याचे दंड धरलेले.

"पोरगी कुनाची बे?"

"माझी हाय."

"मग रडती कावून? आई कुठाय हिची?"

सगळं सांगता आलं असतं, पण तेवढंच सांगता येईना त्याला. "आई कुठाय, सांग की!" एकानं गचांडी धरली. फोटो दाखव म्हणाला, तर मोबाईल दुकानात. पोरगी "पप्पा, पप्पा" म्हणतेय, आणि एक शहाणा म्हणतो, शिकवलं असंल.

मी आत शिरलो. "माझी नात हाय. हा माझा जावई." पांढरी दाढी, काठी. लगेच हात सुटले. "बाबा म्हनत्यात तर आसंल." एकानं तर मला पाणी आणून दिलं.

मला पाणी दिलं. त्याला शर्टाचं बटणही कुणी उचलून दिलं नाही.

बांगड्या पोरीच्या मुठीत तशाच होत्या. एकही फुटली नव्हती.

६ नोव्हेंबर, गुरुवार

स्टँडवर जावेद म्हणाला, "अब्बा, तिला घेऊन जा." पोरगी त्याच्या मांडीवर झोपलेली.

म्हणालो, राग निवू दे आधी.

"राग न्हाई. काल तिनं बघितलं सगळं. रोज बघावं का तिनं हे? दुकान बंद करतो. फराजभाईच्या गाड्यावर फळं विकीन. फळाला कोणी विचारत न्हाई, घरात बाई हाय का म्हणून."

मला 'नेतो' म्हणता येईना, 'नेत नाही'ही म्हणता येईना. शेवटी म्हणालो, "न्यायची तर तिच्या नानीनं येऊन न्यावी." आणि उमापूरच्या गाडीत बसलो. पळालो, दुसरं काय.

८ नोव्हेंबर, शनिवार. उमापूर

हजराबीला सगळं सांगितलं. गचांडीचं सांगताना हिनं तोंडाला पदर लावला. वाटलं, आता तरी म्हणेल, राहू दे पोर बापाकडं. तर डोळे पुसून म्हणाली, "म्हणूनच तर. आणते मी तिला."

"म्हणजे दंड धरणारे बरोबर ठरले!"

"बरोबर-चूक तुमी ठरवा. मला पोरगी हवी. आज सात वर्षाची हाय. उद्या बारा-तेराची हुईल. तवा काय बाहेर बसून पाढे विचारणार का तो?"

म्हणालो, तवा विचारंल कुणाला तरी. ही म्हणाली, "कुणाला? बाया गप होतात ना त्याला बघून?"

हिचंही खरं. म्हणूनच जास्त राग येतो. पंचाईत गावानं करायची, आणि ती सोडवायला पोरीला बापापासून तोडायचं.

रामहरीची बहीण सावित्रीबाई. नवरा गेला तेव्हा तीन पोरं पदरात. तिला लोकांनी सुखानं जगू दिलं असं नाही. दाराशी कोण आलं, कोण गेलं, सगळं मोजलं. पण पोरं काढून घ्या असं कुणी म्हणालं नाही. दाढी करायला त्यांना कोण शिकवणार, असं कुणी विचारलं नाही. आज थोरला एसटीत वाहक आहे आणि लोक म्हणतात, माऊलीनं पोरं वाढवली. जावेदला काय म्हणतात? ठेवली. पोरगी ठेवलीय त्यानं स्वतःकडं. चोरीचा माल ठेवावा तशी!

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज बसल्या बसल्या एक गोष्ट ध्यानात आली आणि दिवसभर चव गेली तोंडाची.

जन्मभर मी गावोगाव हिंडलो, खांद्यावर बांगड्यांच्या माळा टाकून. बीडच्या ठोक दुकानातून काच वर्तमानपत्रात गुंडाळून यायची. तेच कागद गुडघ्यावर सरळ करून मी वाचायला शिकलो, तेच वाचून लिहायला. ज्या घरी जाईन त्या घरच्या बाया निःशंक हात द्यायच्या. नवे हात, म्हातारे हात, शेणाचे, पिठाचे. मला वाटायचं, हैदरच्या हाताचा भरवसा आहे. अभिमान होता मला.

पण बाया आधी काय विचारायच्या? "भाभी बरी हाय का? लेकरं?" मग हात पुढं. म्हणजे भरवसा माझा नव्हताच. घरी हजराबी होती, तिचा होता. ती उमापूरच्या बाहेर पडली नाही, पण माझ्याबरोबर त्या सगळ्या ओसऱ्यांवर तीच बसलेली होती.

जावेदचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. तरी रिकामा.

हिला सांगावं का हे? सांगितलं तर म्हणेल, बघा, मी काय म्हणत होते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सांगितलं. ही तांदूळ निवडत राहिली.

१६ नोव्हेंबर, रविवार

गेली. पोरीच्या कपड्यांसाठी मोठी रिकामी पिशवी घेऊन. खाट झटकून ठेवलीय, वर नवी गोधडी. मी गाडीपर्यंत सोडायला गेलो. गाडी हलताना राहवलं नाही, "पोरीला विचारलं का कुणी?"

खिडकीतून म्हणाली, "सात वर्षाच्या पोरीला काय विचारायचं?" आणि तिकिटाला सुटे काढू लागली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

रामहरीच्या घरून डबा आला. दोन्ही वेळेला. शेजारून वरण. सावित्रीबाईनं वांग्याची भाजी धाडली. सगळ्यांचा एकच सूर, "भाभी गावाला गेल्या, म्हातारा उपाशी राहील."

आता हे बघा. माझ्या घरात बाई नाही तर मला वरण. जावेदच्या घरात नाही तर त्याची गचांडी!

भाजी चांगली होती. पूर्ण खाल्ली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

फोन आला. "अजून राहते. उद्या हितला बाजार हाय."

"बाजाराचं तुला काय? पोरगी कशी हाय? दाखला काढला का शाळेतून?"

"दुकान बंद करून बसला होता हा," म्हणाली. मग, "ठेवते, दूध उतू जातंय." ठेवला.

जावेदचं दूध हिनं कशाला तापवायचं? घेऊन यायला गेलीय की राहायला? आफ्रीनचा आवाज मागं ऐकू येत होता, तेराचा पाढा.

१९ नोव्हेंबर, बुधवार

लोकांच्या डब्यांची लाज वाटली, म्हणून आज स्वतः चहा ठेवला. उतू गेला. गॅस पुसला. बिस्किटं खाल्ली. दिवसभर दाराशी. शेवटच्या गाडीलाही कुणी उतरलं नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

हजराबी आली. एकटीच. पिशवी रिकामी. दोन्ही मनगटं हिरवीगार.

काल भर बाजारात दुकान उघडायला लावलं, सतरंजीच्या मधोमध बसली आणि जावयापुढं हात केला. उजवा त्यानं भरला. डावा आफ्रीननं, दोन फोडल्या म्हणे. मागून बाया बसल्या का, विचारलं. "एक बसली," म्हणाली. "पुढच्या बाजारी बघू."

हातपाय धुऊन खाटेवर टेकली. चुलीकडं गेली नाही. "आता दर बाजाराला मी तिकडं जाणार. दोन-दोन रोज राहीन. बाप्याला सगळं येतं म्हणता ना? पीठ डब्यात हाय."